‘मला गाडी लागते’ : आत दडवलेल्या स्वतःला पुन्हा घरात घेताना

धाकट्या जावेच्या पुण्यातल्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. सकाळपासून मी पदर खोचून राबत होते, पंगती वाढल्या, आलेल्या बायकांची ओटी भरली. दुपारी सगळे जरा टेकले तेव्हा तिनं केरळच्या सहलीचे फोटो दाखवले. हाऊसबोट, चहाचे मळे, टोपी घातलेली ती. मी प्रत्येक फोटोला ‘किती छान गं!’ म्हटलं. संध्याकाळी साताऱ्याला परत निघालो आणि खेड शिवापूरच्या टोलनाक्यापासून माझं नवऱ्याशी भांडण सुरू झालं. कशावरून? त्यांनी गाडीची काच अर्धी उघडी ठेवली होती, त्यावरून. घर येईपर्यंत ते थांबलं नाही.

त्या रात्री ओट्यापाशी उभी राहून तिनं दिलेला श्रीखंडाचा डबा मी घासत होते. घासून झाला तरी घासतच होते. मला तिचा हेवा वाटला होता. हे वाक्य मनातल्या मनात म्हणायलाही मला तीन आठवडे लागले. कारण मी ‘त्यातली नाही’ अशी माझी स्वतःबद्दल खात्री होती.

मुळाशी गेले तेव्हा आठवीतली सहल सापडली. प्रतापगड आणि महाबळेश्वर. त्या महिन्यात धाकट्या भावाच्या दुखण्यात पैसे गेले होते आणि वडिलांचा चेहरा मी पाहिला होता. आई विचारायच्या आत मी म्हणाले, ‘मी नाही जात, मला गाडी लागते.’ तोवर मला कधीही गाडी लागलेली नव्हती. आईनं डोक्यावरून हात फिरवला आणि शेजारच्या काकूंना सांगितलं, ‘आमची ताई फार समजूतदार.’ पुढं खरंच गाडी लागायला लागली. लग्नात, माहेरी, सासरी सगळीकडे माझी तीच ओळख झाली. फिरायचा विषय निघाला की लोकच म्हणायचे, हिला नको, हिला गाडी लागते.

आपल्या आतला एखादा भाग असा दडतो. तो वाईट असतो म्हणून नव्हे. त्या वयात, त्या घरात त्याला जागा नव्हती, म्हणून. कार्ल गुस्टाव्ह युंग (१८७५–१९६१) या स्विस मानसोपचारतज्ज्ञांनी मनाच्या या न स्वीकारलेल्या बाजूला ‘छाया’ म्हटलं. आपण स्वतःची जी प्रतिमा धरून चालतो तिच्यात न बसणारं सगळं तिथं जाऊन पडतं : राग, हाव, हेवा, लैंगिक इच्छा, भित्रेपणा. आणि चांगल्या गोष्टीही. गाणारा गळा, पुढारपण, मोठ्यानं हसणं. ‘तोंड वर करून बोलू नकोस’ हे शंभरदा ऐकलेल्या मुलीची हुशारीसुद्धा तिथं जाते, आणि ‘मुलगा असून रडतोस?’ हे ऐकलेल्या मुलाचं हळवेपणही.

आपल्याकडे यांतल्या राग, हाव, हेवा अशा भावनांना षड्रिपू म्हणायची रीत आहे. रिपू म्हणजे शत्रू. मोह आणि मत्सर यांच्या आहारी जाऊ नये हे मला मान्यच आहे. पण शत्रू म्हटलं की माणूस दार लावून घेतो, आणि आतून धडका बसत राहतात. मी आता ज्या पायऱ्या सांगते आहे त्या एका समुपदेशक बाईंच्या मदतीनं दीड वर्षात केल्या आहेत. काही ठिकाणी अडखळले, तेही सांगते.

सुरू करण्याआधी

एक साधी वही घ्या. ती कुठं ठेवायची हे आधी ठरवा, कारण भरल्या घरात हाच पहिला अडथळा असतो. कोणी वाचेल या भीतीनं लिहिलेलं खरं नसतं. माझी वही शिवणाच्या डब्यात, कापडांच्या खाली असायची. तेही शक्य नसेल तर सुट्या कागदावर लिहा आणि फाडून टाका. लिहिताना जे व्हायचं ते होतंच, कागद जपायची गरज नाही. दिवसातली वीस मिनिटं पुरतात, पण ती झोपण्याच्या अगदी आधीची नकोत. लिहून लगेच आडवं झालं की डोकं रात्रभर तेच दळत राहतं.

आणि हे आधीच सांगायला हवं. लहानपणी मारहाण किंवा लैंगिक अत्याचार झाला असेल, अलीकडे घरात मृत्यू झाला असेल, किंवा जीव नकोसा होत असेल, तर हे काम एकट्यानं सुरू करू नका. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र कधीही फोन करता येतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयांतही मानसोपचाराची सोय असते. मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर असतात, औषधं तेच देतात. समुपदेशक बोलण्यातून मदत करतात. कुणाकडे जावं ते कळत नसेल तर फोनवर हेच विचारा.

पायरी पहिली : माग काढणं

दडलेली गोष्ट थेट दिसत नाही, तिचे ठसे दिसतात. सात दिवस फक्त ते ठसे टिपायचे. वहीत चार रकाने करा : काय घडलं, अंगात काय झालं, मला किती लागलं (दहापैकी), आणि त्या गोष्टीला खरं तर किती लागायला हवं होतं (दहापैकी). माझी एक नोंद अशी होती : ‘गाडीची काच. छाती गरम, दात आवळलेले. ९. खरं तर १.’ हा जो आठचा फरक आहे, तो काचेचा नाही. तिथं खणायचं.

ठसे कुठं सापडतात? एखादी व्यक्ती उगाचच ‘डोक्यात जाते’ तिथं. ‘मला राग येतच नाही’, ‘मला कशाची हौस नाही’ असं आपण न विचारता सांगतो तिथं. गरजेपेक्षा जास्त कौतुक करतो तिथं (माझं ‘किती छान गं’ प्रत्येक फोटोला होतं). घरानं दिलेल्या नावात : समजूतदार, आगाऊ, रडूबाई, हावरट, गरीब गाय. तुम्हाला कोणतं नाव होतं ते लिहा, आणि त्या नावात राहण्यासाठी काय टाकून द्यावं लागलं तेही लिहा. मला ही एक नोंद करायला अख्खा रविवार लागला.

एक सावधगिरी. प्रत्येक राग म्हणजे आपलीच छाया, असं समजू नका. सासरी कुणी रोज टोमणे मारत असेल, साहेब सर्वांसमोर अपमान करत असेल, तर तो राग जागच्या जागी आहे आणि तो बरोबर आहे. ‘तुझ्याच आत काहीतरी आहे’ हे वाक्य दुसऱ्याला गप्प करायला फार सोयीचं पडतं. ते स्वतःविरुद्ध वापरू नका, दुसऱ्याविरुद्ध तर नाहीच.

पायरी दुसरी : नेमका शब्द

‘कसंतरी होतंय’ यावर थांबू नका. कॅलिफोर्नियातले मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लिबरमन यांच्या गटानं २००७ साली दाखवलं की भावनेला शब्द दिला की मेंदूतल्या अमिग्डालाची, म्हणजे धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाची, हालचाल मंदावते. आणि मराठीत शब्दांची काही कमी नाही. राग म्हणजे काय काय? चीड, संताप, धुसफूस, चरफड, कुढणं, रुसवा, फुगून बसणं. रुसव्यात कुणीतरी समजूत काढावी ही इच्छा असते. कुढण्यात ती आशाही सुटलेली असते. हेवा आणि मत्सर यांतही फरक आहे. हेव्यात ‘मलाही हवं’ असतं, मत्सरात ‘तिला नको’ असतं. मला हा फरक सापडला त्या दिवशी निम्मं ओझं उतरलं, कारण जावेचं काही कमी व्हावं असं मला वाटत नव्हतंच. मला फक्त कुठंतरी जायचं होतं.

शब्द सापडला की त्या भागाला घरगुती नाव द्या. माझ्या वहीत ती ‘आठवीतली ताई’ आहे. नावामुळं ‘मी हेवेखोर आहे’ याऐवजी ‘आठवीतली ताई आज बोलतेय’ असं म्हणता येतं, आणि ऐकायला थोडं अंतर मिळतं.

पायरी तिसरी : चार दिवसांचं लिहिणं

मला सर्वात जास्त उपयोग या पायरीचा झाला, म्हणून जरा सविस्तर सांगते.

जेम्स पेनेबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी सँड्रा बील यांच्यासोबत १९८६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस, रोज १५ मिनिटं लिहायला बसवलं. काहींना किरकोळ विषय दिले, काहींना आयुष्यातल्या सर्वात क्लेशकारक अनुभवाबद्दल लिहायला सांगितलं. ज्यांनी घटना आणि तिच्यामागच्या भावना दोन्ही लिहिल्या, त्यांना लिहून झाल्यावर लगेच जास्त वाईट वाटलं. पुढच्या काही महिन्यांत मात्र त्यांच्या आरोग्य केंद्रातल्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. म्हणजे लिहिल्यावर रडू येणं हे काहीतरी बिघडल्याचं लक्षण नाही.

नियम थोडे आहेत. घड्याळ लावा, हात थांबवू नका. शुद्धलेखन, सुसंगती, चांगुलपणा, सगळं बाजूला. सुचेनासं झालं तर शेवटचं वाक्य पुन्हा लिहा. पहिल्या दिवशी घटना लिहा, जशी घडली तशी. दुसऱ्या दिवशी ‘तेव्हा मला काय म्हणायचं होतं’ ते. तिसऱ्या दिवशी त्या गोष्टीनं पुढच्या आयुष्यात कुठं कुठं हात घातला ते. चौथ्या दिवशी आजच्या वयातून त्या लहान मुलीकडे किंवा मुलाकडे बघून लिहा. हे दिवसवार वाटप माझ्या बाईंनी मला दिलेलं आहे, मूळ प्रयोगात ते नव्हतं. पण कोऱ्या कागदाची भीती त्यानं जाते.

माझं पहिल्या दिवसाचं लिहिणं फार कोरडं होतं, एखाद्या इतिवृत्तासारखं. दुसऱ्या दिवशी मी लिहिलं, ‘मला जायचं होतं.’ मग तेच वाक्य पुन्हा. पान भरलं, दुसरं भरलं. सोमवारी शाळेत मुली प्रतापगडावरच्या गमती सांगत होत्या आणि मी फळा पुसत होते, हे मी विसरून गेले होते. ओल्या फडक्याचा वाससुद्धा परत आला.

लिहून झाल्यावर लगेच वाचू नका. उठा, तोंडावर पाणी मारा, भाजी निवडा, झाडांना पाणी घाला, हाताला काम द्या. एखाद्या दिवशी श्वास अडकला, हातपाय गार पडले, तर पाय जमिनीवर टेकवा आणि खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्यानं घ्या. दोन-तीन दिवस असंच होत राहिलं तर लिहिणं थांबवा आणि समुपदेशकाकडे जा.

‘जुनं उकरून काय मिळणार, विसरून जावं’ असं कुणी म्हणेल. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ साली लोकांना सांगितलं होतं की पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. अस्वल येतच राहिलं, आणि नंतर मोकळीक दिल्यावर, सुरुवातीपासून मोकळीक असलेल्यांपेक्षाही जास्त आलं. मी माझी सहल अशीच पाच मिनिटं नाही, तीस वर्षं विसरत होते.

पायरी चौथी : त्या भागाला विचारणं

दोन पाट किंवा दोन खुर्च्या समोरासमोर ठेवा. एकीवर तुम्ही, दुसरीवर तो दडलेला भाग. प्रश्न विचारायचा, मग उठून तिकडं बसायचं आणि तिथून उत्तर द्यायचं. घरात कुणी नसताना करा. पहिल्यांदा फार अवघडल्यासारखं होतं, होऊ द्या. चार प्रश्न पुरेत : तू कधीपासून आहेस? तू गप्प राहिलीस म्हणून घरात काय वाचलं? तू बोललीस तर काय होईल अशी भीती वाटते? आता माझ्याकडून काय हवं?

दुसरा प्रश्न वगळू नका. बहुतेक जण दडलेल्या भागावर चिडूनच बसलेले असतात, आणि हा प्रश्न त्याचं ऋण मान्य करतो. तिसऱ्या प्रश्नाला माझ्याकडून उत्तर आलं, ‘बाबांचा चेहरा पुन्हा तसा होईल.’ बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. ती मुलगी अजूनही त्यांचा चेहरा सांभाळत बसली होती. त्या दिवशी मी पाटावर बसून पोटभर रडले, आणि दुपारचा स्वयंपाक केला नाही. हा शोक या कामाचाच भाग आहे. त्याला दिवस द्या, ‘आता पुरे’ म्हणायची घाई नको. आई-वडिलांना आरोपी करायचीही गरज मला वाटली नाही. त्यांच्यापाशी जेवढं होतं तेवढं त्यांनी दिलं. पण मला नाही मिळालं, हेही खरं.

पायरी पाचवी : एका तरी कानावर घालणं

आपल्या आज्या-पणज्यांना हे ठाऊक होतं असं मला वाटतं. पहाटे जात्यावर बसून त्या जे गायच्या त्यात देवाचं नाव होतं, भावाची वाट होती, आणि सासरची गाऱ्हाणी, नवऱ्याचा राग, वांझपणाच्या बोलण्यांचं दुःखही होतं. दिवसभर जे तोंडातून काढायची सोय नव्हती ते दगडापाशी काढलं जायचं, बहुधा समोर दुसरी बाई दळायला असायची, तीही ऐकायची. हेमा राईरकर आणि गी पॉतवॅ या अभ्यासकांनी गावोगावच्या बायकांकडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या आहेत. भोंडल्याच्या गाण्यांतही सासूची तक्रार हसत-खेळत फेर धरते. जातं गेलं, गिरणी आली, त्याचा मला आनंदच आहे. पण ती बोलायची जागाही गेली.

म्हणून माणूस शोधा. लगेच उपाय सांगणारा नको, ‘त्यात काय एवढं’ म्हणणारा नको, घरातल्या चार जणांना सांगणारा तर नकोच. सुरुवातीलाच म्हणा, ‘मला सल्ला नको, दहा मिनिटं ऐक फक्त.’ मी माझ्या शाळेतल्या मैत्रिणीला सांगितलं. ती त्या सहलीला गेली होती. ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘आम्हाला वाटायचं तू आमच्यात येत नाहीस.’

पायरी सहावी : वागण्यात जागा देणं

स्वीकारणं म्हणजे मोकाट सोडणं नव्हे, हे इथं नीट समजून घ्या. राग स्वीकारला म्हणजे ताट फेकायची मुभा मिळाली असं होत नाही. भावना आत येऊ द्यायची, वागणं निवडायचं. रागाला मी ‘हे मला चालणार नाही’ एवढं एक वाक्य दिलं. आवाज न चढवता म्हणायचं आणि पुढं स्पष्टीकरण द्यायचं नाही. हेव्याला मागणीत बदलायचं : मलाही हवं, तर नेमकं काय, किती, कधी? हळवेपणा दडवलेल्या पुरुषांनी ‘बरा आहे’ याऐवजी एकदा ‘आज जड गेलं’ म्हणून बघावं, तेही विश्वासाच्या माणसापाशी. दडलेली कला असेल तर ती लोकांसमोर मांडायची घाई नको, आधी बंद खोलीत गळा मोकळा करा.

आठवड्याला एकच गोष्ट, आणि ती लहान असावी. पहिल्या आठवड्यात मी फक्त ताटात गरम पोळी आधी स्वतःला घेतली. हात थरथरला, खरं सांगते.

घरचे बिचकतील. इतकी वर्षं तुमच्या गप्प बसण्यावर घराची घडी बसलेली असते. ‘हल्ली ही बदललीय’ हे ऐकू येईल, कधी प्रेमानं, कधी तिरकं. त्यावर भांडू नका आणि माफीही मागू नका, ‘हो, थोडी बदलतेय’ म्हणा. मी नवऱ्याला काचेच्या भांडणाबद्दल सांगितलं, त्यामागं काय होतं तेही. ते म्हणाले, ‘मग तू बोलली का नाहीस?’ याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही, वही दाखवली.

मध्येच जुनी सवय उसळेल. मार्चमध्ये मी पुन्हा एकदा ‘मला नको, तुम्ही जाऊन या’ म्हणून बसले आणि दोन दिवस कुढले. अशा वेळी पहिल्या पायरीवर परत यायचं, चार रकान्यांत एक नोंद करायची, बस्स. महिन्यातून एकदा वही उघडून फक्त आकडे बघा. माझे नऊ आता क्वचित असतात, चार-पाच असतात.

या जानेवारीत आमच्या गल्लीतल्या बायकांनी एक दिवसाची बस ठरवली, महाबळेश्वर आणि प्रतापगड. यादी आली तेव्हा मी कुणी विचारायच्या आत नाव लिहिलं. पर्समध्ये गोळी ठेवली होती, वाईला उतरून ती चहाबरोबर घेतलीसुद्धा, कारण अंगाची सवय मनाइतक्या लवकर जात नाही. पसरणीचा घाट लागायच्या आधी शेजारची मुलगी म्हणाली, ‘काकू, तुम्हाला गाडी लागते ना? पुढं बसता का, मधल्या सीटवर?’

मी म्हणाले, ‘नको गं. मला खिडकी हवी आहे.’